पिंक फ्लॉइड गावातही नीट ऐकता येतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्रजी रॉक संगीतावर काही छापून आलं की एक ठरलेलं मत हमखास ऐकू येतं: हे शहरातल्या पोरांचं संगीत, खेड्यात कोणाला कळणार? आम्ही आर्वी, पुलगाव, देवळी या पट्ट्यातले पिंक फ्लॉइडचे श्रोते आहोत आणि हे मत आम्हाला मुळीच मान्य नाही. ज्यांना हे संगीत कळलं नाही, त्यातल्या बहुतेकांच्या कानावर ते पूर्ण पडलेलंच नसतं. मोबाईलच्या बोटभर स्पीकरवर, मध्ये जाहिरात, गाण्यांचा क्रम उलटसुलट, डोक्यावर पंखा. अशा ऐकण्यातून या बँडबद्दल मत बनवू नये. गावातल्या घरात, हाताशी असलेल्या सामानात हे संगीत चांगलं ऐकता येतं. ते कसं, आणि कुठे बिघडतं, हे वाचकांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

बँडची ओळख थोडक्यात. १९६५ साली लंडनमध्ये सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राईट आणि निक मेसन यांनी सुरुवात केली. पहिला अल्बम १९६७चा. बॅरेटची मानसिक अवस्था ढासळत गेली, १९६८च्या सुरुवातीला गिटारवादक डेव्हिड गिल्मर आला आणि त्याच वर्षी बॅरेट बाहेर पडला. पुढच्या काळातलं या लोकांचं सगळ्यात हळवं काम या बँड सोडून गेलेल्या मित्राभोवती फिरतं, एवढं माहीत असलं तरी ऐकायला बळ येतं.

पहिली गोष्ट क्रमाची. 'द डार्क साईड ऑफ द मून' हा मार्च १९७३चा अल्बम दहा तुकड्यांचा आहे, एकूण जेमतेम ४३ मिनिटं. पण ती दहा सुटी गाणी नाहीत. एका तुकड्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळलेला आहे. मोबाईलमधले पुष्कळ प्लेअर दोन फाईलींच्या मध्ये क्षणभर थांबतात आणि नेमका तिथेच सांधा तुटतो. उपाय सोपा आहे. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'गॅपलेस' चालू करा, 'क्रॉसफेड' (दोन गाणी एकमेकांवर चढवणारी सोय) शून्यावर आणा, 'शफल' बंद करा. आवाज आपोआप सारखा करणारी सोय असेल तर तीही बंद करा, कारण या अल्बममध्ये हळू जागा मुद्दाम हळू ठेवल्या आहेत. एवढं करूनही फट राहत असेल, तर विकत घेतलेल्या सीडीवरून एका बाजूची एकच लांब फाईल बनवून घ्यावी. 'ऑडॅसिटी' हे फुकटचं सॉफ्टवेअर त्याला पुरतं. पाच तुकडे क्रमाने शेजारी-शेजारी लावायचे, मध्ये काही सोडायचं नाही, आणि फ्लॅक किंवा वेव्ह स्वरूपात साठवायचं.

बाजू म्हणजे तबकडीची बाजू. पहिली बाजू 'द ग्रेट गिग इन द स्काय'वर संपते, सुमारे १९ मिनिटांत. दुसरी 'मनी'च्या नाण्यांनी सुरू होते आणि साडेतेवीस मिनिटं चालते. फाईलवरून ऐकतानाही थांबायचं असेल तर इथेच थांबावं, अधेमधे नाही.

आता आवाजाचं. इथे नवे लोक हमखास फसतात. अल्बम हृदयाच्या ठोक्यांनी सुरू होतो आणि ते अगदी बारीक आहेत. ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी बटण वर चढवतो. पुढे 'टाईम' लागलं की एकाच वेळी कित्येक घड्याळांचे गजर वाजतात आणि खोलीतली म्हातारी माणसं दचकून उठतात. लहान स्पीकर असेल तर तिथेच त्याचा पडदा फाटू शकतो. म्हणून बैठकीच्या आधी 'टाईम'ची सुरुवात गजर संपेपर्यंत वाजवून पाहावी, ते मोठे पण सुसह्य वाटतील इथे बटण ठेवावं, आणि मग सुरुवातीला जाऊन त्याला हात लावू नये. ठोके अंधुकच राहतील, ते तसेच हवेत. (ही घड्याळं ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्सने एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती.)

दोन स्पीकर लागतातच. 'ऑन द रन'मध्ये धावणारी पावलं खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. एकाच ब्लूटूथ डब्यावर ती जागच्या जागी नाचतात आणि त्या तुकड्यात काय चाललंय ते समजतच नाही. गावात सहज मिळणारा भोंग्याचा अ‍ॅम्प्लिफायर या कामाचा नाही. तो मोनो असतो आणि भोंग्यातून खर्ज (बास) येत नाही. डीजेची पेटी खर्ज देते, पण तेवढाच देते. ती वापरावीच लागली तर खर्जाचं बटण मध्याच्या खाली आणा आणि मिक्सरवरचं 'इको'चं बटण पूर्ण बंद करा. लग्नाच्या माईकसाठी ते बहुधा अर्धं उघडंच असतं, आणि मग गिल्मरच्या प्रत्येक सुरामागे दुसरा सूर लोळत येतो. खरं तर जुना टू-इन-वन किंवा टीव्हीला जोडलेले दोन साधे लाकडी स्पीकर या दोन्हींपेक्षा बरे.

स्पीकर मांडताना बारा बाय पंधराच्या खोलीत दोघांत सहा-सात फूट अंतर असावं, आणि ऐकणारा दोघांपासून साधारण तेवढ्याच अंतरावर बसावा. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, कोपऱ्यात नाही. कोपऱ्यात ठेवला की खर्ज फुगतो आणि वॉटर्सचं बास गिटार नुसतं घुमतं. सतरंजीवर बसलं की कान जमिनीपासून अडीच फुटांवर येतो, तेव्हा स्पीकरचा लहान पडदा तेवढ्या उंचीवर येईल असं खाली स्टूल किंवा विटा लावाव्यात. मधल्या रेषेवर तिघा-चौघांनाच जागा मिळते, म्हणून बाजू बदलताना जागाही बदलाव्यात. प्लास्टर केलेल्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवरून परत येतो. समोरच्या आणि मागच्या भिंतीला गोधड्या किंवा दुहेरी बारदाना टांगला की फरक लगेच कळतो. टिनाखाली ऐकणाऱ्यांनी आधी खर्जाचा एखादा भाग मोठ्याने वाजवून कोणता पत्रा थरथरतो ते पाहावं आणि त्याच्या हुकाचा नट आवळून खाली रबरी वायसर घालावं.

सगळ्यात जास्त बिघाड तारांत असतो. गावात स्पीकरची तार बहुतेक वेळा जोड देऊन ओढलेली असते, रंग जुळत नाहीत, आणि एका स्पीकरची लाल-काळी उलट लागते. आवाज दोन्हीतून येतो, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पण खर्ज नाहीसा होतो आणि गाणारा समोर मध्ये उभा वाटण्याऐवजी खोलीभर पसरतो. एका स्पीकरची टोकं अदलाबदल करून पाहा. ज्या जोडणीत खर्ज भरतो ती बरोबर. दुसरा बिघाड मोबाईलच्या पिनेचा. पिन अर्धवट बसली किंवा तिची आतली अर्थची तार तुटली की डाव्या आणि उजव्या दोन्ही आवाजांत जे सारखं आहे ते कटतं, म्हणजे गळा आणि बास जवळजवळ गायब, मागची वाद्यं तेवढी उरतात. इतर गाण्यांत ही चूक पहिल्याच ओळीला पकडली जाते. फ्लॉइडमध्ये गाणं सुरू व्हायलाच कित्येक मिनिटं लागतात, त्यामुळे लोक ती सुरुवातीची वाद्यं समजून ऐकत राहतात.

मग लाईन. आपल्याकडे सांजेला व्होल्टेज पडतं. रिलेचा स्टॅबिलायझर असेल तर त्याची प्रत्येक 'खट्' स्पीकरमधून ऐकू येते, म्हणून बैठकीपुरतं सगळं इन्व्हर्टरवर घेतलेलं चांगलं. दीडशे अ‍ॅम्पिअर-अवरची चांगली बॅटरी लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि लॅपटॉप तीन-चार तास आरामात ओढते. मात्र इन्व्हर्टर साईन वेव्हचा हवा; स्क्वेअर वेव्हचा असेल तर गाण्याच्या मागे सारखी भुणभुण येते. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावरच गुणगुण येत असेल तर चार्जर काढून लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवा. गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थची पिन कापण्याची वाईट सवय काही मेकॅनिकांना आहे. ते कधीही करू नये, बॉडीत करंट उतरला तर जीव जाईल. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, तेव्हा खड्ड्यात मीठ आणि पाणी टाकून तो ओला ठेवावा.

उन्हाळ्याचा खरा शत्रू कूलर. विदर्भात वैशाखात कूलर बंद करून बसा असं आम्ही कोणाला सांगणार नाही. पण कूलर चालू असताना 'डार्क साईड'मधलं निम्मं काम ऐकू येत नाही. वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहून स्टुडिओतल्या माणसांना विचारले होते आणि त्यांची उत्तरं अल्बमभर पेरली आहेत. अगदी शेवटी, विरत जाणाऱ्या ठोक्यांच्या मागे, अ‍ॅबे रोड स्टुडिओचा दरवान जेरी ओ'ड्रिस्कॉल बोलतो. साधा पंखाही ते गिळतो. म्हणून खोली आधी तासभर थंड करावी, बाजू सुरू होताना कूलर आणि पंखा बंद, बाजू संपली की पुन्हा चालू. वीस-बावीस मिनिटं माणूस सहन करतो. त्याहून चांगला काळ मार्गशीर्ष-पौषातली रात्र: ना पंखा, ना कूलर, ना टिनावर पाऊस. ओलिताची पाळी नसलेली रात्र मात्र बघून ठरवावी.

रात्री दहानंतर आवाज घराबाहेर जाऊ देऊ नये. लाऊडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. हे बंद खोलीत ऐकायचं संगीत आहे, चौकात लावायचं नाही.

ज्यांच्याकडे जुन्या तबकड्या आहेत त्यांच्यासाठी थोडं. प्लेअरची तार थेट 'ऑक्स'मध्ये लावली तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येतो, कारण तबकडी कापताना खर्ज कमी केलेला असतो आणि तो परत वाढवायला फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. प्लेअरची सुटी हिरवी किंवा काळी तार अ‍ॅम्प्लिफायरच्या 'जीएनडी' स्क्रूला बांधा, नाहीतर गुणगुण येईल. सुईचा भार बऱ्याच कार्ट्रिजना (सुई बसवलेला भाग) पावणेदोन ते दोन ग्रॅम चालतो. कार्ट्रिजच्या कागदावर असेल तो पाळा आणि सोनाराकडे असतो तसल्या लहान डिजिटल काट्यावर मोजा. भार कमी ठेवला की तबकडी वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि खाच जास्त खराब करते. जिनिंगच्या गावात रुईचे तंतू सुईला गुंडाळतात आणि दहा मिनिटांत आवाज फाटायला लागतो. प्रत्येक बाजूआधी मऊ ब्रशने सुई मागून पुढे झटकावी, कधीही पुढून मागे नाही. तबकडी धुवायला नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तालुक्याला कुठेही मिळतं. तबकड्या उभ्या ठेवा आणि टिनाखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत अजिबात नको. कॅसेटवाल्यांनी दर काही कॅसेटींनंतर हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नये, बाकीच्यांना लागते.

आता काय ऐकवावं. नव्या माणसाला आम्ही 'डार्क साईड' आधी देत नाही. आधी 'विश यू वेअर हिअर', १९७५चा. कारण त्याची सुरुवात आपल्या भागातल्या कानाला ओळखीची आहे. 'शाईन ऑन यू क्रेझी डायमंड'चा पहिला भाग साडेतेरा मिनिटांचा, आणि गळा येतो तो आठ मिनिटं उलटून गेल्यावर. रात्रभर खंजिरी भजनाला बसणाऱ्या माणसाला ही लांबी जड जात नाही. ज्याच्याकडे पेटी (हार्मोनियम) आहे त्याने ती जवळ घेऊन बसावं. सुरुवातीला जो एक सूर मागे धरून ठेवलेला आहे तो पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी. त्याला सा माना. चार मिनिटांच्या सुमारास सगळं थांबतं आणि गिल्मर एकटा चार सूर वाजवतो: काळी पाच, पांढरी चार, पांढरी पाच, पांढरी तीन. म्हणजे कोमल गंधार, कोमल निषाद, सा, आणि शुद्ध धैवत. पहिले तीन सूर ऐकून कान कोमल धैवताकडे झुकतो आणि तो शुद्ध लावतो. त्या एका धैवताने सगळं उघडं राहतं, मिटत नाही. हे चार सूर पेटीवर सावकाश काढून मग पुन्हा ऐकावं. बॅरेटसाठी लिहिलेल्या या रचनेचा सगळा भार त्या धैवतावर आहे असं आम्हाला वाटतं.

पेटीचा आणखी एक उपयोग. तुमच्या डेकवर किंवा प्लेअरवर तो धरलेला सूर पांढरी पाचऐवजी काळी चारला लागत असेल, तर यंत्र सुमारे सहा टक्के जलद फिरतंय. काळी तीनला लागला तर तेवढंच संथ. बेल्ट सैल झाला असेल किंवा मोटरचा स्क्रू फिरला असेल.

याच अल्बममध्ये दोन जागा अशा आहेत की लोक उठून बटणं फिरवतात. 'हॅव अ सिगार' संपताना सगळा आवाज अचानक बारीक होऊन लहान रेडिओत शिरतो, मग स्टेशन फिरवल्याचा खरखराट, आणि मग दूरच्या रेडिओवर गिटार. तार निघाली असं वाटतं. निघालेली नसते, हे तसंच केलेलं आहे. थोड्या वेळाने दुसरी गिटार खोलीत, अगदी शेजारी वाजायला लागते आणि रेडिओतल्या गिटारीला साथ देते. कोणी मध्येच ट्रेबल वाढवलं असेल तर ती दुसरी गिटार कर्कश येते आणि सगळा परिणाम जातो. दुसरी जागा 'वेलकम टू द मशीन'ची धडधड. ती स्पीकरची गुणगुण नव्हे. खरी गुणगुण गाणं थांबवल्यावरही चालू राहते, एवढी खूण पुरे. आणि 'हॅव अ सिगार' कोण गातो असं नेहमी विचारतात: तो बँडमधला नाही, रॉय हार्पर नावाचा दुसरा गायक.

५ जून १९७५ला, याच अल्बमचं काम चालू असताना, बॅरेट स्टुडिओत आला होता. अंग सुटलेलं, डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेले. त्याच्या मित्रांनी त्याला बराच वेळ ओळखलं नाही. हे श्रोत्यांना आधी सांगावं की नंतर, यावर आमच्यात दोन मतं आहेत. नंतर सांगावं असं मानणारे जास्त आहेत.

मग 'डार्क साईड'. भजनी मंडळातल्या तबलजीला 'मनी' जरूर ऐकवावं. नाण्यांचा आणि गल्ल्याचा आवाज फितीवर टिपून, तुकडे मोजून जोडले आणि त्याचं चक्र केलं, तेच सात मात्रांचं आहे. तबलजी लगेच रूपक ताल म्हणेल आणि मात्रांचा हिशेब बरोबरही आहे, पण रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'ची, टाळीविना असते आणि इथे पहिली मात्रा भरून येते, त्यामुळे ठेका धरला की अंगावर येतो. नुसत्या टाळीने मोजावं. सॅक्सोफोन सातात वाजतो, गिटारचा एकल भाग आला की चाल चारात जाते, आणि मग पुन्हा सातात. ती वळणं टाळीवर पकडली की तबलजी आमच्या बाजूला आला समजा.

इंग्रजी येत नाही अशी अडचण सांगणाऱ्यांसाठी 'द ग्रेट गिग इन द स्काय' आहेच. क्लेअर टोरी हिने त्यात एकही शब्द न घेता मरणावर गाऊन दाखवलं आहे. तेव्हा तिला तीस पौंड मिळाले. पुढे तिने दावा लावला, २००५मध्ये तडजोड झाली आणि रिचर्ड राईटसोबत तिचं नाव रचनाकार म्हणून लागलं. हे योग्यच झालं. बाकीच्या गाण्यांचा आशय मराठीत एका पानावर लिहून आधी वाटावा. गाणं चालू असताना कानात अर्थ सांगत बसू नये, त्याने सांगणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं, दोघांचंही जातं.

'अ‍ॅनिमल्स' (१९७७) तिसऱ्या बैठकीला. कुत्री, डुकरं, मेंढरं: माणसांचे तीन वर्ग. भाव पाडणारे, वरून हुकूम देणारे आणि मुकाट चालणारे कोण, हे बाजार समितीच्या आवारात उभं राहिलेल्या कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मते गावातल्या श्रोत्याला यांचा सर्वांत जवळचा अल्बम हाच. 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं आहे. गिटारवर साथ करू पाहणाऱ्यांनी सगळ्या तारा एकेक पूर्ण सुराने उतरवून घ्याव्यात, गिल्मरने तशाच लावल्या होत्या. नाहीतर बोटं बरोबर पडूनही सूर जुळत नाहीत.

'द वॉल' (१९७९) दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा, सुमारे ८१ मिनिटांचा. तो शेवटी ठेवावा. त्यातलं शाळेच्या पोरांचं एकच गाणं तोडून वाजवण्याची पद्धत पडली आहे, ती सोडावी. ज्या गावात प्रोजेक्टर आहे तिथे १९७१ साली पॉम्पेईच्या रिकाम्या रोमन रंगमंडपात, प्रेक्षकांशिवाय केलेलं चित्रीकरणही दाखवता येईल. चौघांचे हात कसे चालतात ते त्यात दिसतं.

आपल्याला एक विनंती. यापुढे पुरवणीत अशा संगीतावर लेख छापाल तेव्हा त्यासोबत अल्बमचा गाण्यांचा क्रम, प्रत्येक बाजूची मिनिटं आणि बाजू कुठे संपते एवढी चौकट द्यावी. बैठक ठरवणाऱ्याला तेवढी माहिती लागते आणि मोबाईलवर ती बहुधा मिळत नाही.

आपले,
पिंक फ्लॉइडचे काही श्रोते,
आर्वी–पुलगाव–देवळी परिसर, जि. वर्धा